आईची कॉफी आणि बाबांचा कढीपत्ता

म्हैसूरला जाऊन राजवाडा न बघता परत येणारी माणसं पुण्यात फारशी नसतील. आम्ही दोघं आहोत, मी आणि माझे बाबा. वृंदावन गार्डन नाही, चामुंडीची टेकडी लांबूनच, सिल्कची साडी तर नाहीच नाही. आल्यावर सोसायटीतल्या लोकांनी विचारलं, "मग बघितलंत तरी काय?" बाबा म्हणाले, "कॉफी." लोकांनी माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं.

आई म्हैसूरची. चामराजपुरममध्ये तिच्या माहेरचं शिंप्याचं दुकान आहे. ही मंडळी तिकडे कधी गेली हे त्यांनाही धड ठाऊक नाही, पण देवघरातला विठोबा आणि घरातली मराठी त्यांनी सोडलेली नाही. मराठी म्हणजे काय, तर वाक्य मराठीत चढतं आणि कन्नडमध्ये उतरतं. लग्न होऊन आई पुण्यात आली ती ट्रंकेत पितळेचा कॉफी फिल्टर घेऊन. आमच्या घरात सगळे चहाचे. त्या फिल्टरकडे माझ्या आजीने पहिल्याच दिवशी असं बघितलं म्हणे, की जणू सून दुसरा देव घेऊन आलीय.

बाबा एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, कंट्रोल काही सुटला नाही. सकाळी फिरून आले की ते न विचारता आईच्या पेल्यातला एक घोट घ्यायचे, तोंड वाकडं करायचे आणि म्हणायचे, "छे! काढा!" आई म्हणायची, "बरं." आणि उरलेली कॉफी शांतपणे प्यायची. माझ्या आठवणीत एकही सकाळ अशी नाही की हा तपासणीचा घोट चुकला.

गेल्या वर्षी आई गेली. नंतर थोड्याच दिवसांनी मी माहेरी गेले तर स्वयंपाकघरात बाबा, समोर वजनकाटा, थर्मामीटर आणि तो फिल्टर. मला बघून म्हणाले, "माहितीसाठी करून बघतोय." वर्षभर त्यांचं हे माहितीसाठी चाललं. पुण्यातल्या एकूण एक दुकानाची पावडर आणून झाली. कडक झाली म्हणून पाणी घालून पातळ करून झाली. रोज एक घोट घ्यायचे, पण "काढा" म्हणायचे नाहीत. "तिची नाही," एवढंच म्हणायचे आणि पेला ठेवून द्यायचे. मला ते बघवत नसे.

मग वर्षश्राद्ध आलं. आईच्या आवडीचं काय करायचं यावर बैठक बसली आणि ज्याला त्याला आईची आवड ठाऊक निघाली. आत्या म्हणाली, "वहिनीला पुरणपोळी फार आवडायची." आत्याला पुरणपोळी फार आवडते. भाऊ कॅनडातून फोनवर म्हणाला, बासुंदी. माझा नवरा म्हणाला, खरं तर त्यांना मसालेभात आवडायचा, आणि असा गहिवरला की मला त्याला कोपराने ढोसावं लागलं. बाबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पानात तुम्हाला हवं ते वाढा. पानाजवळ तिची कॉफी ठेवायची. तिचीच. ती मिळाली नाही तर मी श्राद्धाला बसणार नाही." आणि आत जाऊन बॅग भरायला लागले. ऐंशीच्या घरातल्या माणसाला एकट्याला कसं सोडणार? मी रजा टाकली.

बॅगेत कपडे कमी, वजनकाटा, थर्मामीटर आणि प्लास्टिकच्या पिशवीत कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या. हा कढीपत्ता बाबांचा बाल्कनीतला. सोसायटीत त्याचं नाव आहे. एवढं टपोरं झाड कुंडीत कुणाचं नाही, आणि का नाही, हे बाबा विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगत. "ताक! आठवड्यातून एकदा आंबट ताक. शास्त्र आहे त्यात." ताकाचं शास्त्र ऐकून आमच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंची दोन झाडं मेली. पण गेल्या वर्षभरात बाबांचंही झाड पिवळं पडत चाललं होतं. ताक दुप्पट करून झालं, माती बदलून झाली. म्हैसूरला हवा चांगली, तिकडे कुणी जाणकार भेटला तर दाखवू, म्हणून या डहाळ्या.

चामराजपुरम

रघुमामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. दुकान आता त्यांचा मुलगा बघतो, पण मामा अजून गळ्यात टेप घालूनच हिंडतात. दारात आम्हाला बघून त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी विचारलं, "काफी आयता?"

म्हणजे कॉफी झाली का. म्हैसुरात हे "कसे आहात"च्या जागी विचारतात. उत्तर कुणाला नको असतं. पण बाबांना प्रश्न विचारलेला आणि त्यांनी उत्तर दिलं नाही असं होत नाही. म्हणाले, "मी कॉफी पीत नाही." मामांचा चेहरा उतरला. दुपारपर्यंत गल्लीत बातमी पसरली की पुण्याचे जावई आजारी आहेत. समोरच्या घरातून एक बाई येऊन पथ्याचं विचारून गेल्या.

"मग आलात ते कॉफीसाठीच ना, जावईबुवा?" मामा गोंधळले.

"पिण्यासाठी नाही. तिची कशी होती ते शोधायला."

"अय्यो, त्यात काय शोधायचं! शारदीला कॉफीपेक्षा म्हैसूरपाक आवडायचा. जीव होता तिचा!" आणि मामांनी मुलाला पिटाळून म्हैसूरपाक आणवला. मामांना साखर आहे. एक तुकडा शारदीच्या नावाने खाल्ला, दुसरा आठवण दाटून आली म्हणून. तिसऱ्याच्या वेळी मामी आतून बाहेर आल्या आणि डबा उचलून घेऊन गेल्या. 

मामी बारीक चणीच्या. अजून गिऱ्हाइकांना ब्लाउजला काजं त्यांच्याच हाताची लागतात. आईपेक्षा थोड्याच मोठ्या. या घरात सून म्हणून आल्या तेव्हा आईचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे नणंद-भावजयीपेक्षा दोघी मैत्रिणीच जास्त. मला त्यांनी जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "नीले, तू हसलीस की तीच दिसते गं, हो की नाही, अल्वा?" मी हसणार होते, ते राहूनच गेलं.

जेवायला चित्रान्न होतं. लिंबाचा पिवळाधमक भात, वर शेंगदाणे आणि खमंग फोडणी. बाबा दोनदा वाढून घेऊन म्हणाले, "कढीपत्त्याला वास छान आहे."

"तुमचाच की भावजी," मामी खुशीत म्हणाल्या. "पुण्याहून एवढा जपून आणलात. पिशवीतच होता. स्वल्प पिवळा होता, पण लांबून आलेला, म्हटलं टाकायचा कशाला?"

बाबांनी घास तसाच धरला. शास्त्रीय नमुने त्यांच्या पोटात गेले होते. मला हसू आवरेना. मामींना कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग त्याही हसत सुटल्या. बाबा तेवढे हसले नाहीत. पानातली पानं बाजूला काढून, चष्मा वर करून बघत म्हणाले, "कडेनं करपलंय. पोटॅशची कमतरता दिसतेय." मामा म्हणाले, करपलं ते फोडणीत.

देवराज मार्केट

दुसऱ्या दिवशी कॉफीची मोहीम. मार्केटात शिरलं की आधी फुलांची गल्ली लागते. पुण्यात गजरा घेतला तर मोगऱ्यापेक्षा दोराच जास्त हाती येतो. इथे फुलं हाताने मोजतात, म्हणजे कोपरापासून बोटापर्यंत एक मोळ, आणि बाईचा हात लांब असला तर नशीब तुमचं. मी एक मोळ घेऊन केसात माळला. वास आला आणि मला आईच्या उशीची आठवण झाली. बाबा पुढे निघून गेले होते, ते बरंच झालं.

कॉफी भाजून दळून देणारं दुकान लांबूनच नाकाला सापडतं. मालकाने विचारलं, "चिकोरी कितना, सार?" चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेली मुळं.

"बरोबर किती?" बाबांनी विचारलं.

"आपको कितना होना?"

"मला किती हवी हा प्रश्न नाही. बरोबर किती, ते सांगा."

मागे रांग लागली होती. एक गृहस्थ म्हणाले, चिकोरी घालणं म्हणजे पाप. त्यांच्या मागचे म्हणाले, चिकोरीशिवाय कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी. दोघे कन्नडमध्ये असे जुंपले की दुकानदारच मध्ये पडला. तेवढ्यात बाबांनी वेगवेगळ्या प्रमाणाच्या पिशवीभर पुड्या बांधून घेतल्या आणि प्रत्येकीवर पेनने आकडे घातले.

त्या संध्याकाळी मामींच्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. बाबा एकेक पुडी करत, घोट घेत आणि म्हणत, "तिची नाही." नापास झालेली प्रत्येक कॉफी मामा पीत होते, कारण टाकायची नसते. मामी दारात उभ्या राहून बघत होत्या. आपल्या ओट्यावर परक्या पुरुषाने थर्मामीटर घेऊन उभं राहणं त्यांना काही रुचलेलं नव्हतं, पण जावई म्हटल्यावर बोलणार काय?

शेवटच्या पुडीनंतर बाबांनी फिल्टर धुऊन पालथा घातला. "इथेही नाही," म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. हा माणूस आईच्या अंत्यदर्शनाला आलेल्यांना वाहनं कुठे लावायची ते सांगत फिरला होता. आता मात्र ते पुसलेला ओटा पुन्हा पुसत राहिले.

नंजनगूड

मामांना जावयाचं तोंड उतरलेलं बघवेना. त्यांनी जाहीर केलं की शारदीची खरी आवड म्हणजे नंजनगूडची रसबाळे केळी. म्हैसूरपाकाचं काय झालं असं मी विचारलं, तर म्हणाले, ते गोडात, हे फळात.

"पुण्यात तिने कधी केळ्याला हात लावला नाही," बाबा म्हणाले.

"पुण्याचं केळं ती कशाला खाईल?" मामा म्हणाले आणि चपला घालायला लागले.

पॅसेंजर गाडीने गेलो. डब्यात कामावर जाणारी मंडळी, डबे, हेडफोन, पेंगणारी डोकी. कडकोळला कारखान्यांच्या शेड दिसायला लागल्यावर बाबा उठून खिडकीशी गेले. राजवाड्यासाठी ज्या माणसाने मान वळवली नव्हती, तो म्हणत होता, "नीला, बघ, किती स्वच्छ आवार आहे. तपासणी कडक असणार." मला बरं वाटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी पसंत पडलं होतं.

तिथल्या मोठ्या देवळात दर्शन झालं. मामांनी बहिणीच्या नावाने हात जोडले आणि बराच वेळ डोळे उघडले नाहीत. बाहेर आल्यावर केळ्यांचा शोध. ही केळी आता फार होत नाहीत म्हणे. तरी मामांनी घासाघीस करून एक फणी मिळवली आणि विजयी वीरासारखी छातीशी धरून गाडीत बसले. समोरच्या आजीबाईंनी केळ्यांकडे बघितलं, मामांकडे बघितलं, आणि एकच वाक्य बोलल्या. सगळा बाक हसला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"सुम्ने, काही नाही," मामा म्हणाले. "म्हणतात, ही रसबाळे नाहीत. बाईंना काय कळतंय!"

बाबांनी एक सोलून खाल्लं. "केळं म्हणून पास," म्हणाले. मामांनी ती फणी घरापर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

मागचं दार

परतीच्या दिवशी सकाळी मामांच्या पेल्यात कॉफी आली, दुकानातल्या मुलाच्या आली, मला आली. दाट, फेसाळ, बरीच कडक. बाबांना चहा. मी बॅगा भरत होते. बाबा पाण्याची बाटली भरायला आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत, म्हणून मी बघायला गेले.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारात एक दगडी पायरी आहे. सगळ्यांचं देऊन झाल्यावर मामी तिथे आपला पेला घेऊन बसल्या होत्या. बाबा त्यांच्या मागे थांबले होते. बाटली तशीच रिकामी.

"वहिनी," बाबा म्हणाले, "तुमच्या पेल्यात काय आहे?"

मामी दचकून उठायला लागल्या. "काफी हो. का?"

"सगळ्यांना दिलीत ती नाही ही. वास वेगळा आहे."

मामी ओशाळल्या. "ही दुसरी, भावजी. पहिलं उतरलं की त्याच पुडीवर परत पाणी घालायचं, ती. तुम्हाला कोण देणार ही? शोभतं का?"

"मला द्या."

बाहेरून मामा ओरडले, "ए, जावयाला दुसरी देतेस? नाक कापशील घराचं!" मामींनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. फिल्टरच्या तळाशी उरलेलं पातळसं पेल्यात ओतलं, थोडं दूध, थोडी साखर घातली आणि पेला बाबांपुढे धरला.

बाबांनी एक घोट घेतला. तोंड वाकडं झालं. "काढा," म्हणाले, आणि तिथेच, मामींच्या शेजारी पायरीवर बसले. "हीच. नीला, हीच."

मी खाली बसून रडले. लाजायचं काय त्यात.

मामी हळूहळू सांगायला लागल्या. "आम्ही दोघी इथंच बसत होतो, सगळ्यांचं झाल्यावर. पहिली पुरुषांची, पाहुण्यांची. दुसरी आमची. पहिल्यांदा ती रुसली होती, मला पण पहिली दे म्हणून. मी चोरून दिली एकदा. प्याली आणि म्हणाली, नको गं वहिनी, ही घाईची आहे, आपली निवांत बरी. मग कधीच मागितली नाही."

मला आधी रागच आला. म्हटलं, "पण मामी, पुण्यात तिला कोण अडवत होतं? घरात कॉफी पिणारी ती एकटी. पहिलीही तिचीच की!"

"कशी तिची?" मामी म्हणाल्या. "घरात पुरुष आहे ना. तो पीत नाही म्हणतो, पण रोज घोट घेतो. लिहीत होती मला, की रोज घोट घेतात, कधीतरी पेलाभर मागतील. मग मागितली तर द्यायला नको? पहिली ठेवायला नको?"

बाबा पेल्याकडे बघत राहिले. मला एकदम ते भांडं आठवलं. ओट्याच्या कोपऱ्यात झाकण घातलेलं छोटं स्टीलचं भांडं, रोज सकाळी असायचं. संध्याकाळी आई त्यात पाणी घालून हिंदकळवायची आणि बाल्कनीत घेऊन जायची. मला वाटायचं, विसळलेलं पाणी आहे.

"बाबा," मी म्हटलं, "पहिली ती रोज संध्याकाळी कढीपत्त्याला घालायची."

 उरलेली कॉफी बाबांनी सावकाश संपवली, पेला नळाखाली धुतला, पालथा घातला. मग मामींना वाकून नमस्कार केला. मामी "अय्यो, भावजी, हे काय" म्हणत मागे सरकल्या. बाहेर मामा अजून घराच्या नाकाबद्दल बोलत होते.

पुणे

वर्षश्राद्धाला आत्याची पुरणपोळी झाली, भावाची बासुंदी झाली, माझ्या नवऱ्याचा मसालेभातही झाला आणि हे सगळं आत्याने आणि माझ्या नवऱ्याने आईची आठवण काढत भरपूर खाल्लं. पानाजवळ आईच्या पेल्यात दुसरी कॉफी ठेवलेली. गुरुजींनी भुवया उंचावल्या. बाबांनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्या भुवया खाली आल्या.

बाबा आता रोज सकाळी फिल्टर लावतात. पहिली स्वतः पितात, पेलाभर, तोंड वाकडं करत. मी एकदा म्हटलं, आवडत नाही तर कशाला? तर म्हणाले, "माझ्यासाठी ठेवलेली आहे." मग त्याच पुडीवर परत पाणी घालतात आणि दुसरी निवांत उतरू देतात. ती आईच्या पेल्यात ओतून ओट्यावर ठेवतात, वर झाकण. संध्याकाळी बाल्कनीत नेतात.

गेल्या आठवड्यात मी तिथे होते तेव्हा जोशीकाकू आल्या. कढीपत्त्याला शेंड्याशी कोवळी पोपटी पालवी फुटली होती. काकूंनी पान चुरगळून वास घेतला आणि विचारलं, "आता काय घालता हो? पुन्हा धरलंय झाडाने."

मी सरसावून बसले, ताकाचं शास्त्र सुरू होणार म्हणून.

"कॉफी," बाबा म्हणाले. "आधी ती माझी घालायची. आता मी तिची घालतो."

काकूंना काहीच कळलं नाही. त्यांनी विचारलं, "आणि ताक?"

"ताकाने काय होतंय हो," बाबा म्हणाले, आणि रिकामा पेला घेऊन आत गेले.